बासष्ट घरांची एक चूल

सकाळी सात वाजता धामणटेकमधल्या निम्म्या लोकांच्या तोंडात ब्रश होता आणि उरलेल्या निम्म्यांच्या तोंडात पहिला चहा. नेमक्या त्याच वेळी ग्रामपंचायतीवरचा भोंगा खरखरला आणि त्यातून एक बाई बोलायला लागली.

"नमस्कार. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीचा आजचा अहवाल ऐका. आपल्या पाण्यात माणसांची विष्ठा मिसळत आहे."

ब्रशवाल्यांची चूळ जागच्या जागी बाहेर आली. चहावाल्यांना मात्र घोट थुंकावा की गिळावा तेच कळेना. ठकूआजीनं गिळला, आणि मग तासभर स्वतःलाच शिव्या दिल्या.

गोरख टेकाळे तेव्हा विहिरीच्या कट्ट्यावर बसून वही लिहीत होता. गोरख म्हणजे गावाचा जलसुरक्षक. पाण्यात रोज टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर टाकायची, मग नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून पाणी पिवळं होतंय का बघायचं, आणि क्लोरीन किती ते वहीत लिहायचं, हे त्याचं चौदा वर्षांचं काम. त्या दिवशी तारीख होती अकरा, आणि गोरखची वही एकोणतीसपर्यंत लिहून झाली होती. रोज शून्य पॉइंट दोन. पाऊस असो, ऊन असो, पंप जळालेला असो, धामणटेकचं क्लोरीन कधी ढळलं नाही. टीसीएलच्या गोण्या यायच्या, पण त्या पावडरीनं पोरांच्या व्हॉलीबॉलच्या मैदानाच्या रेषा फार झकास उठतात, हे गोरखला फार पूर्वीच कळलं होतं. जिल्ह्यात सगळ्यात निर्जंतुक मैदान धामणटेकचं होतं.

दर महिन्याला तपासणीला बाटली पाठवायची, तीही तो विहिरीतून भरत नसे. सरपंचांच्या बंगल्यावर जायचं, तिथल्या फिल्टरच्या नळाखाली बाटली धरायची आणि झाकण लावायचं. "नमुना द्यायचा तर चांगल्या घरचा द्यावा" हे त्याचं तत्त्व. मुलगी दाखवताना आपण शेजारणीचा शालू आणतोच की. या तत्त्वावर गावाला दरवर्षी शुद्ध पाण्याचं हिरवं कार्ड मिळायचं, आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चौदा हिरवी कार्डं चौकटीत बसून गावाकडे बघत असायची.

भोंग्यातली बाई पुढे बोलली. आवाज शहरातला, गोड, इस्त्री केलेला.

"ही विष्ठा एकाच कुटुंबाची आहे. हे कुटुंब पुढील बासष्ट घरांमध्ये राहतं."

आणि तिनं नावं वाचायला सुरुवात केली.

गोरखच्या हातातलं पेन विहिरीत पडलं.

*

आता या बाईची ओळख करून द्यायला हवी. ती माणूस नव्हती. सरकारी नाव 'जलसाक्षी'. गावानं नाव ठेवलं 'चुगल्या'. दुधाच्या किटलीएवढं यंत्र, साखळीला बांधून विहिरीत सोडलेलं. पाच दिवस ते नुसतं गप्प राहून पाणी चाखत होतं. सहाव्या दिवशी तोंड उघडलं.

ते बसवायला पाणी तपासणीच्या रुबीना शेख मॅडम आल्या होत्या. त्यांनी गावाला सोप्या भाषेत समजावलं होतं. प्रत्येक जिवाच्या पेशीत एक लांबलचक दोरी असते. त्या दोरीवर चारच अक्षरं पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या क्रमानं लिहिलेली. पाण्यातून जो जीव जातो, तो त्या दोरीचे तुकडे मागे टाकून जातो. यंत्राला हजारो बारीक छिद्रं आहेत. एकेका छिद्रातून एकेक तुकडा सुईतल्या दोऱ्यासारखा ओवला जातो, आणि ओवता ओवता यंत्र अक्षरं वाचतं. मग ते तुकडे बेडकाचे असोत, शेवाळाचे असोत, नाहीतर विषाणूचे.

"हे ठीक हाय," तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, "पण घाण कुणाची ते कसं कळणार?"

"तुमच्या पोटात कोट्यवधी जंतू असतात," मॅडम म्हणाल्या. "घाबरू नका, ते बिचारे तुमचं जेवण पचवतात. पण प्रत्येकाच्या पोटातला त्यांचा मेळ निराळा. अंगठ्याच्या ठशासारखा. एका चुलीवर जेवणाऱ्या, एका मोरीत हात धुणाऱ्या माणसांचे ठसे एकमेकांसारखे होत जातात. म्हणून घराघराचा एक ठसा. तुमच्या घराचा ठसा यंत्राकडे असला, की कुणाचा संडास विहिरीत गळतोय ते यंत्र नावानिशी सांगेल. आणि थेट भोंग्यावर सांगेल. मधे कुणी कागद दाबून ठेवायला नको."

एवढ्यासाठी मार्चमध्ये घराघरात निळ्या झाकणाची एकेक डबी वाटली होती. त्या डबीत काय द्यायचं ते सांगताना गोरखच्या तोंडाला कोरड पडायची. दोनशे चौदा घरांपैकी एकशे बावन्न घरांनी डब्या भरून दिल्या. एकसष्ट घरं राहिली. कुणी ऊसतोडीला गेलेलं, कुणी लाजलेलं. ठकूआजीनं डबी त्याच्याच अंगावर फेकली होती. "माझ्या नवऱ्यानं कधी बघितलं न्हाई, ते सरकारला दाखवू व्हय रं भाड्या!" आणि सरपंच संपतराव इंगवले, म्हणजे आबा, यांनी तर डबी हातातसुद्धा घेतली नाही. "गोरख, आमचं तूच काय ते बघ."

एकतीस मार्च उजाडला. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक पोतदार, त्यांचा फोनवर फोन. एकसष्ट रिकाम्या डब्या आणि घरची स्वतःची एक, अशा बासष्ट डब्या गोरखनं बायकोसमोर ओतल्या.

"लंका, ह्या भर सगळ्या. आपल्याच घरचं घाल."

लंकाबाई आबांच्या बंगल्यावर धुण्याभांड्याला जायची. तिनं डब्यांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "बासष्ट घरांत आपल्या घरचं? लाज हाय का तुमाला?"

"कोण उघडून बघतंय?"

लंकानं डब्या पदराखाली घेतल्या. दुपारपर्यंत भरून आल्या. गोरखनं कपाळाला हात लावून देवाचे आभार मानले. मार्च एंड पार पडला.

मार्च एंड पार पडला की पाप धुतलं जातं, असा सरकारी कामातला समज आहे. ते पाप मात्र गळत गळत, झिरपत, ऑगस्टात भोंग्यावर आलं.

*

नावं वाचून झाल्यावर बाई म्हणाली, "ही बासष्ट घरं एकाच चुलीवर जेवतात."

गाव थक्क झालं ते इथे. घाणीचं एकवेळ चालेल, पण एक चूल? या बासष्टात इंगवल्यांची घरं होती, वरच्या आळीतली होती, खालच्या आळीतली होती, मशिदीमागची होती, गावाबाहेरच्या वस्तीतली होती. ज्या घरांनी एकमेकांकडचा चहा कधी घेतला नव्हता, ज्यांच्या लग्नाच्या पंगती अजूनही वेगळ्या बसत, त्यांचं पोट सरकारी यंत्रानं एक असल्याचं भोंग्यावर जाहीर केलं होतं.

ठकूआजी काठी टेकत थेट विहिरीवर आली आणि वाकून यंत्रावर ओरडली, "ए भवाने! मी एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिते आणि तू माझी चूल कुणाकुणाच्या घरात घुसवतीस?"

"आहारामध्ये," बाई शांतपणे पुढे म्हणाली, "पिस्ता, केशर आणि सुरमई मासा आढळला."

"सुरमई!" आजी कट्ट्यावरच बसली.

दहा वाजेपर्यंत आणखी एक गंमत झाली. यंत्राचा अहवाल भोंग्याबरोबर तालुक्यालाही आपोआप जायचा. तिथल्या पुरवठा कार्यालयातल्या यंत्रानं तो वाचला, पिस्ता-केशर खाणाऱ्या घरांना स्वस्त धान्य कशाला असा विचार केला, आणि बासष्टपैकी चव्वेचाळीस घरांची रेशनची पिवळी कार्डं तिथल्या तिथे बंद करून टाकली. पारध्यांच्या वस्तीतला सर्जा मोबाईल घेऊन गोरखच्या मागेमागे फिरत होता. "नाना, पिस्ता म्हंजी ते हिरवं असतंय तेच ना? म्या एकदाच बघितलंय. आयस्क्रीमच्या फोटोत."

गोरखला हसू यायला हवं होतं. पण भोंग्यातलं शेवटचं वाक्य त्याच्या कानात अडकून बसलं होतं.

"पाण्यात 'ई' काविळीचा विषाणू सापडला आहे. गरोदर महिलांनी हे पाणी अजिबात पिऊ नये. त्यांच्या जिवाला धोका आहे."

गोरखची मुलगी उर्मी सातवा महिना लागल्यावर बाळंतपणाला माहेरी आली होती. वीस दिवस झाले होते.

*

तो घरी आला तेव्हा उर्मी सोप्यात पाटावर बसली होती. मोबाईलवर तिनं सगळं वाचून काढलेलं. पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. लंका भाकऱ्या थापत होती, नेहमीपेक्षा जोरात.

"दादा," उर्मी म्हणाली, "दवाखान्याच्या आशाताई येऊन गेल्या. रक्त घेतलं. म्हणाल्या, ही कावीळ बाकीच्यांना आजारी पाडून सोडून देती, पण पोटुशी बाईला सोडत न्हाई. चारातली एक जाती."

"काय बी सांगतात त्या," गोरख म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "टँकर येतोय. उकळून प्यायचं."

"टँकर आठ दिवस. मला अजून दोन महिने हायत. आणि गावात माझ्यासारख्या आणिक पाच जणी हायत." तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. "आबा म्हणतायत, मशीन खुळं झालंय. बासष्ट घरं एका चुलीवर जेवतात म्हणजे ते नक्कीच खुळं. उद्या ग्रामसभेत ठराव करून मशीन काढणार. मला एवढंच सांगा, दादा. मशीन खोटं बोलतंय का? खोटं बोलत असंल तर मी निवांत पाणी पिते. तुम्ही जलसुरक्षक. तुम्हाला ठाऊक असणार."

भाकरीची थापथाप थांबली.

चौदा वर्षं गोरखनं वहीत, कार्डावर, बाटलीवर खोटं लिहिलं होतं. कुठलंच जड गेलं नव्हतं. पण ते सगळं कागदावर होतं. कागदाला काही सातवा महिना लागत नाही.

"बघतो," एवढंच तो म्हणाला आणि परसात गेला.

त्याचा संडास परसाच्या टोकाला. तिथून विहिरीपर्यंत त्यानं पावलं मोजली. बावीस. जमीन म्हणजे काळा खडक. शेख मॅडम सांगून गेल्या होत्या, आपल्याकडचा खडक बाहेरून दगड दिसतो, पण आत तडकलेल्या काचेसारखा असतो. वाळूतून पाणी गाळून येतं, खडकाच्या भेगांतून ते पळत येतं, जसं आहे तसं, सगळ्या घाणीसकट. गोरखनं स्वतःच्या संडासाकडे असं बघितलं जसं एखादा पाळलेल्या कुत्र्याकडे बघतो, ज्यानं आपल्याच माणसाला चावलंय.

सगळा हिशोब लागत होता. बासष्ट डब्यांत त्याच्याच घरचं. यंत्राला सापडलेलं तेच. म्हणजे गळणारा संडास त्याचाच. पिस्ता-केशराचं तेवढं कोडं होतं, पण बंगल्यावरचं उरलंसुरलं लंका आणत असेल आणि बोलत नसेल. बायका काय सगळं सांगतात?

तो स्वयंपाकघरात आला. "लंका, त्या डब्या..."

"डब्यांचं नाव काढू नका," लंका तव्याकडे बघत पुटपुटली. "पोरगी ऐकतीय. मशीन काढतायत न्हवं उद्या? काढू द्या. मिटंल सगळं."

"मशीन काढल्यावर पाणी शुद्ध होतंय व्हय?"

तव्यावरची भाकरी करपली, आणि लंकाची भाकरी करपलेली त्यानं पंचवीस वर्षांत बघितली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ग्रामसभा भरली. एरवी कोरमसाठी माणसं घरातून ओढून आणावी लागत. आज भिंतीवरसुद्धा माणसं. शेख मॅडम आल्या होत्या, चेहरा कसनुसा झालेला. यंत्राचा गोंधळ त्यांनाही उलगडत नव्हता. भाऊसाहेब इतिवृत्ताची वही घेऊन टेबलामागे लपले होते.

आबा उठले. पांढरा स्वच्छ सदरा, हातात माईक.

"मंडळी! चौदा हिरवी कार्डं ह्या भिंतीवर हायत. चौदा! आणि हे किटलीएवढं डबडं सांगतंय आमच्या पाण्यात घाण? ह्यानं माझंबी नाव घेतलंय. माझं! माझ्या बंगल्याची संडासाची टाकी बांधून पंधरा वर्षं झाली, आजवर एकदा उपसावी लागली न्हाई. एकदा! काम म्हंजी असं पाहिजे. आणि मी म्हणं ह्या सर्जाच्या चुलीवर जेवतो!"

"मला तर कुणी सांगितलंच न्हाई, आबा," सर्जा मागून ओरडला. "न्हाईतर ताट घेऊन आलो असतो की!"

हशा पिकला. तो विरायच्या आत ठकूआजीनं काठी आपटली. "काढा ते डबडं! सुरमई म्हणं!"

"काढा, काढा!" सगळी सभा उसळली. जे लोक विहिरीच्या पाळीवरून, रस्त्यावरून, देवळावरून जन्मभर भांडत आले, ते आज एका मतानं एक झाले होते. भाऊसाहेबांनी ठराव लिहायला घेतला: 'सदर यंत्र नादुरुस्त असल्याने...'

गोरख मागे खांबाला टेकून उभा होता. त्याला समोर बायकांच्या बाजूला उर्मी दिसली. ती ओरडत नव्हती. पोटावर हात ठेवून बापाकडे बघत होती. कालचा प्रश्न अजून तिच्या तोंडावर तसाच होता.

"मशीन खरं बोलतंय," गोरख म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. मग तो पुढे गेला आणि आबांच्या हातातला माईक काढून घेतला. चौदा वर्षांत त्यानं आबांच्या हातून रिकामी कपबशीसुद्धा अशी घेतली नव्हती.

"मशीन खरं बोलतंय. खोटा मी हाय."

आणि मग गोरखनं सगळं ओकलं. डब्यांचं. एकसष्ट घरांनी डब्या दिल्या नाहीत, त्या त्यानं स्वतःच्या घरातून भरून घेतल्या. म्हणून बासष्ट घरांचं पोट एक निघालं. वहीतल्या क्लोरीनचं, व्हॉलीबॉलच्या रेषांचं. बाटल्यांचंही सांगितलं. "ह्या भिंतीवरची चौदा कार्डं आपल्या विहिरीची न्हाईत. आबांच्या फिल्टरची हायत. मशीन काढू नका. मशीन एकाच घराकडं बोट दावतंय, आणि ते घर माझं हाय. माझा संडास फोडा."

शेख मॅडमनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "बासष्ट डब्या?" त्या म्हणाल्या. "तुम्ही विज्ञानाला डबेवाला बनवलंत हो!"

पहिली दोन मिनिटं सगळ्यांना फक्त धक्का होता. मग राग आला. रागात आधी कुणाचं तरी घर आठवतं. "माझ्या नावावर ह्याच्या घरचं?" ठकूआजीनं काठी उगारली. "माझ्या नावावर?" कुणी कुदळ आणायला पळालं, कुणी पहार.

सगळ्यांत मोठा आवाज आबांचा. अंगावरचं बालंट गेल्यामुळे त्यांची छाती पुन्हा फुगली होती. "चौदा वर्षं गावाला घाण पाजली ह्यानं! आत्ताच्या आत्ता संडास फोडा! नळ तोडा! आणि ह्याला गावाबाहेर काढा, बायकोपोरीसकट!"

'पोरीसकट' हा शब्द आबांनी जोरात म्हटला. तो म्हटला नसता तर पुढचं झालं नसतं, असं लोक अजून म्हणतात.

"आबा," बायकांतून आवाज आला, "ते आमच्या घरचं न्हाई."

लंकाबाई उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, भांडी घासताना असतो तसा.

"काय न्हाई?" गोरख म्हणाला.

"डब्यांतलं. आमच्या घरचं घालायची मला लाज वाटली. आमी खातो काय? भाकरी आणि आमटी. उद्या सायबानं उघडून बघितलं तर म्हणंल, काय हे गाव, काय हे खाणं. ह्यांनीच मला शिकवलंय, नमुना द्यायचा तर चांगल्या घरचा द्यावा." तिनं पदर आणखी घट्ट खोचला. "त्या दिवशी बंगल्यावरचं चेंबर तुंबलं होतं. झाकण उघडंच होतं. मी पळीनं बासष्ट डब्या तिथनंच भरल्या. पळी टाकून दिली. आबांच्या मंडळी, वहिनीसाहेब, अजून ती पळी हुडकतायत."

नाकावर माशी बसली तरी सभेत कुणी हात उचलला नाही.

"आमच्या डबीतबी तेच घातलं," लंका जरा खालच्या आवाजात म्हणाली. "म्हटलं, एवढं तरी आपलं थोरामोठ्यांचं दिसू दे."

पहिलं डोकं ठकूआजीचं चाललं. ती हळूच म्हणाली, "पिस्ता."

"केशर," दुसरी म्हणाली.

"सुरमई!" सर्जा किंचाळला. आणि मग दोनशे माणसांच्या माना एकदम आबांकडे वळल्या. आबांच्या तोंडाचा रंग त्यांच्या सदऱ्यासारखा झाला होता.

"खोटं बोलती ही!" आबा म्हणाले. "माझी टाकी... पंधरा वर्षांत एकदासुद्धा..."

"हेच मी मघापासून विचारणार होते," शेख मॅडम उठल्या. डोळ्यांत अचानक वीज आली होती. "टाकी पंधरा वर्षांत भरली नाही, आबा. मग ते सगळं जातं कुठं?"

*

याचं उत्तर मिळायला तीन तास लागले, आणि त्याला यंत्र लागलंच नाही. मॅडमच्या गाडीत एक बाटली होती. त्यात तपासणीचा रंग, पोपटी, चिमूटभर टाकला तरी तळं रंगावं असा. त्यांनी तो बंगल्याच्या संडासात ओतला. बंगला विहिरीपासून शंभर पावलांवर, चढाला. वहिनीसाहेबांनी स्वतःच्या हातानं पाणी सोडलं, आणि सोडताना लंकाला एवढंच विचारलं, "पळी तूच नेलीस होय?"

मग सगळं गाव विहिरीवर जाऊन उभं राहिलं. पोरं बापाच्या खांद्यावर, म्हाताऱ्या कट्ट्यावर. एक तास गेला. दुसरा गेला. आबांना धीर आला. "बघा, काय न्हाई, माझी टाकी पक्की..."

"ते बघा," उर्मी म्हणाली.

विहिरीच्या उत्तरेच्या अंगाला, पाण्याच्या जरा वर, खडकात एक भेग होती. तिच्यातून नेहमी पाण्याची धार यायची. गावात म्हणायचे, तो जिवंत झरा, आबांच्या पुण्याईनं आटत नाही. त्या झऱ्याचं पाणी बघता बघता पोपटी झालं. नवं पान असतं तसं. मग तो रंग विहिरीत उतरला, पसरला, आणि अर्ध्या तासात सगळी विहीर अशी हिरवीगार झाली की भिंतीवरची चौदा कार्डं तिच्यापुढे फिकी पडली असती.

टाकीला तळच नव्हता. तळ घातला की टाकी भरते, भरली की उपसावी लागते, म्हणून गवंड्याला सांगून आबांनी तो घातलाच नव्हता. गावाचा जिवंत झरा हा होता.

भोंगा खरखरला. "नमस्कार," बाई म्हणाली. "पाण्याचा रंग बदलला आहे. कृपया जलसुरक्षकांनी तपासून घ्यावं."

सगळे गोरखकडे बघायला लागले. तो कट्ट्यावरच बसला. त्याला हसू येत होतं की रडू, ते त्याचं त्यालाही सांगता येईना.

*

बंगल्याच्या घाणीची वाट बंद झाली. टाकी फोडून तळ घातला गेला. आबांनी मुलीकडे जाऊन राहायला सुरुवात केली. विहीर तीनदा उपसली. गोरखला काढून टाका असा ठराव आला. ठकूआजीनं तो हाणून पाडला. "नवा आणाल, तो नव्यानं चोऱ्या शिकंल. ह्याच्या सगळ्या ठाऊक झाल्यात. ह्यालाच ठेवा." तेवढं बोलून तिनं स्वतःच्या घरची डबी भरून गोरखच्या हातात ठेवली. झाकण दोनदा घट्ट केलेलं.

उर्मीच्या रक्ताचा अहवाल चौथ्या दिवशी आला. कावीळ नाही. गोरखनं तो तीनदा वाचला. चौदा वर्षं अहवाल लिहिले होते, वाचायची सवय नव्हती.

"पण कसं काय?" तो म्हणाला. "वीस दिवस ती हेच पाणी पीत होती."

"कोण म्हणतंय?" लंका ताट घासत होती. "पोरीला रोज बंगल्यावरनं आणलेल्या घागरीतलंच देत होते. फिल्टरची."

"म्हंजी तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही बाटली कुठनं भरता ते मला चौदा वर्षं दिसतंय. फिल्टरचा नळ माझ्या भांड्यांच्या शेजारीच हाय. विहिरीचं चांगलं असतं तर तुम्ही चढ चढून बंगल्यावर कशाला आला असता? तवापासनं घरात बंगल्याचंच पाणी हाय. उर्मी त्याच पाण्यावर वाढली."

गोरखनं कोपऱ्यातल्या तांब्याकडे बघितलं. "आणि माझ्या तांब्यात?"

लंकानं ताट पालथं घातलं. "तुमच्या तांब्यात नळाचं, विहिरीचंच. तुमच्या सहीचं होतं. म्हटलं, तुम्हीच प्या."

आशाताईंनी मग त्याचंही रक्त तपासलं. जुन्या काविळीची खूण निघाली. दोन वर्षांपूर्वी महिनाभर अंग पिवळं पडलं होतं, तेव्हा ऊन लागलं म्हणून तो कांद्याचा रस पीत होता.

विहीर सुरू झाली त्या सकाळी गोरख उजाडताच कट्ट्यावर गेला. टीसीएल मोजून कालवलं, टाकलं. अर्धा तास थांबला. मग नळाचं पाणी नळीत घेतलं, औषधाचे थेंब सोडले. पाणी हळूहळू पिवळं झालं. चौदा वर्षांत हा रंग त्यानं पहिल्यांदा इतक्या जवळून बघितला. वहीत एकच ओळ लिहिली, आजच्या तारखेची. भोंग्यातली बाई म्हणाली, "नमस्कार. आज पाण्यात काही आढळलं नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी खरं बोलल्यावर आपल्याला शाबासकी मिळते, हे त्याला नवीन होतं.

मागे वळून बघतो तर लंका उभी. काखेत घागर. चौदा वर्षांत ती या कट्ट्यावर कधी पाण्याला आली नव्हती.

तो लगबगीनं पुढे झाला. "आण, भरून देतो."

लंकानं घागर खाली ठेवली, पण पुढे केला तो तांब्या. "आधी तुम्ही."

गोरखनं तांब्या भरला आणि घटाघटा प्यायला. सगळा. तोंड पुसून त्यानं घागरीकडे हात नेला.

लंकानं घागर उचलून पुन्हा काखेत घेतली.

"मॅडम म्हणाल्या, ह्या काविळीला अंगावर उठायला चाळीस दिवस लागतात." ती घराकडे चालायला लागली. "चाळीस दिवस रोज असंच प्या. मी येऊन बघत जाईन. एकेचाळिसाव्या दिवशी भरंन."